आईची दुसरी नोकरी

शुक्रवार, ८ नोव्हेंबर २०२४
पोर्तो, बाताल्या चौकाजवळचं एक लॉज

लिओनेल,

तीन वर्षांनी माझं अक्षर बघून आई गेली असं तुला वाटलं असेल, तर आधी सांगते, तसं नाही. आई आहे. माझ्या समोरच्या पलंगावर बूट न काढता झोपलीय. मी बूट काढायला वाकले तर पाय ओढून घेतले आणि म्हणाली, "राहू दे बाईसाहेब, अजून जिना पुसायचाय." आणि मग घोरायलाच लागली.

आम्ही दोघी पोर्तोला आलोय. शनिवार-रविवार फिरायला. आईला एकदा इथे यायचं होतं, द्राक्षतोडणीही संपली, मळ्यावरच्या स्वयंपाकातून मी मोकळी झाले, म्हटलं चला. एवढंच.

फोन का नाही केला असं विचारशील. त्या ऑगस्टात, जत्रेच्या दिवशी, सगळ्या गावादेखत मी तुला काय काय बोलले ते मी विसरलेले नाही. तूही विसरला नसशील. फोनवर समोरून नुसता श्वास ऐकू आला असता तरी माझी वाचा बसली असती. कागद बरा. कागद मध्येच काही विचारत नाही.

सकाळी पिन्यांवहून गाडी धरली. आईने नदीकडची खिडकी पकडली आणि सगळा रस्ता दोरूच्या पाण्याकडे बघत बसली. समोर रेगुआला चढलेला एक जाडगेला माणूस होता. त्याला तिने सांगितलं की ती पोर्तोला मालकांच्या घरी चाललीय आणि उशीर झाला तर दोना एर्मेलिंदा रागावतील. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. तो भला माणूस म्हणाला, "नाही रागावणार आजी, गाडी अगदी वेळेवर आहे."

हे तुला सांगायला हवं. आई मला आता ओळखत नाही असं नाही, पण मी तिच्यासाठी दुसरीच कोणी झालेय. मी तिची दोना एर्मेलिंदा. लग्नाआधी ती ज्या घरात कामाला होती तिथली मालकीण. "अहो-जाहो" करते मला. गंमत वाटते कधीकधी.

दुपारी बोल्यांव बाजारात गेलो. नवा करकरीत केलाय बाजार, पण मासेवाल्या जुन्याच. आई एका ठेल्यापाशी थांबली, माशाचा कल्ला बोटाने उचलून पाहिला.

"काय गं आजी, मासा घेतेस की त्याची जन्मपत्रिका बघतेस?" मासेवाली ओरडली.

"हा आजचा नाही," आई म्हणाली. "कालचाही नाही. हा परवा मेलाय."

"अगं बाई!" मासेवालीने दोन्ही हात कमरेवर ठेवले. "मग जरा माझ्या घरी येऊन नवऱ्याला बघ. तो कधी मेलाय तेवढं सांग, मला काही पत्ता लागत नाही!"

सगळी रांग हसली. आईही हसली, लिओनेल. दात नसलेल्या हिरड्या दाखवून, खांदे उडवत. शेवटची कधी हसली होती ते मला आठवेना. मासेवालीने तिला लिंबाची एक फोड दिली, हात पुसायला.

लॉजची मालकीण दोना कुस्तोदिया. म्हणाली, "किती दिवस?" मी म्हटलं, "सोमवार सकाळपर्यंत." "दोघी?" "हो, दोघी." तिने वहीत लिहून घेतलं. मी उगाच आईची बॅग पायाने मागे सरकवली.

आता आईला उठवून काहीतरी खायला घालते. खाली कोबीच्या पाल्याचं सूप शिजतंय, वास येतोय.

झुल्मीरा


शनिवार, ९ नोव्हेंबर
संध्याकाळ

लिओनेल,

माझे गुडघे गेले. आईचे शाबूत आहेत. त्र्याऐंशी वर्षांची बाई दगडी पायऱ्या बकरीसारखी उतरते, आणि मी मागून "आई, सावकाश! आई, धर!" करत येते. आपल्या डोंगरावरच्या मळ्यांच्या पायऱ्यांनी घडवलेले पाय ते.

सकाळी मोठ्या चर्चच्या अंगणात गेलो. तिथून खाली सगळी लाल कौलं आणि त्यांच्या पलीकडे नदी दिसते. मी कोणाला तरी रस्ता विचारणार होते, तेवढ्यात आई चालायला लागलीसुद्धा. घरी तिला संडास कुठे आहे ते सापडत नाही. इथे मात्र डावीकडे, कमानीखालून, पुन्हा डावीकडे, जिथे दोन माणसं एकमेकांना अंग चोरून जातात अशा बोळातून तिने मला थेट रिबैराच्या धक्क्यावर आणून उभं केलं. मध्ये एका घरापाशी थांबून भिंतीला हात लावला आणि म्हणाली, "इथं ज्याचा धूर यायचा तो लोहार मेला वाटतं." वर दोरीवर चादरी वाळत होत्या. एक म्हातारी खिडकीत कोपर टेकून बसली होती. ती वरूनच म्हणाली, "केव्हाच मेला गं! मी लग्न होऊन आले तेव्हाच तो खोकत होता."

"आणि त्याची ती काळी बायको?"

"ती गेली फ्रान्सला. तू कोणाची?"

"मी दोना एर्मेलिंदांची फेलिस्मिना. मिरागायाची."

खिडकीतली बाई जरा पुढे वाकली. तिला काही आठवलं असेल असं मला नाही वाटत. पण म्हणाली, "हां हां, फेलिस्मिना! बरी आहेस ना?" आई खूश झाली. पुढे दहा मिनिटं ती ताठ चालत होती.

धक्क्यावर माणसंच माणसं. सगळ्या जगाचे लोक फोन उंच धरून पुलाचे फोटो काढत होते. आईला त्यांचं काही वाटलं नाही. ती पाण्याकडे बघून सांगत होती, बासष्टच्या जानेवारीत ही नदी कशी घरात शिरली. मालकांनी पियानो दोराने वरच्या मजल्यावर ओढला, आणि पियानो वर गेल्यावर मग कोणाला तरी आठवलं की फेलिस्मिना खाली पिठाची पोती वाचवत उभी आहे. पाणी कमरेपर्यंत आलं होतं म्हणे. तुला ही गोष्ट माहीत होती? मला नव्हती. मी एकसष्ट वर्षांची झाले आणि माझ्या आईच्या कमरेपर्यंत एकदा नदी आली होती हे मला आज कळलं.

दुपारी सार्डिन मासे आणि मक्याचा पाव खाल्ला. मग जकातीच्या जुन्या इमारतीवरून मिरागायाला गेलो. ते घर सापडलं. कमानीखालचं, अरुंद, निळ्या फरशांचं. आता ते प्रवाशांना भाड्याने देतात. दाराला कुलूप नाही, आकड्यांची बटणं आहेत. आम्ही उभ्या होतो तेवढ्यात दार उघडून एक तरुण जोडपं चाकाच्या बॅगा ओढत बाहेर आलं. आई पटकन बाजूला झाली, भिंतीला पाठ लावली, मान खाली घातली, हात पोटावर जुळवले. ते दोघं जाईपर्यंत तशीच. ती मुलगी जाताना इंग्रजीत काहीतरी गोड बोलली. आई म्हणाली, "देव भलं करो, ताईसाहेब."

मग दाराच्या पायरीवर बसली आणि मला सांगायला लागली. तिचा बाप तिला बारा वर्षांची असताना घेऊन आला होता. सकाळच्या गाडीने. दिवसभर तिला हात धरून शहर दाखवलं. भाजलेले चेस्टनट घेऊन दिले. पुलावरून नेलं, पलीकडच्या काठावर दारूच्या कोठ्या दाखवल्या. आयुष्यात तेवढा सुखाचा दिवस तिने पाहिला नव्हता. संध्याकाळी या दाराशी आणून म्हणाला, "इथे बस, मी पाव घेऊन येतो."

"मग?" मी विचारलं.

"मग काय बाईसाहेब, तुम्हीच दार उघडलंत."

मला एकदम बरं वाटेना. सार्डिन बाधले असावेत. आम्ही चढ चढून परत आलो. वाटेत वरच्या बागेच्या कठड्यावरून मावळतीचं पाणी बघायचं राहिलं. लोक तिथे मुद्दाम जातात.

उद्या लिहीन.

झुल्मीरा


रविवार, १० नोव्हेंबर
दुपार

लिओनेल,

सार्डिन बाधले नव्हते.

हे पत्र मी दोनदा फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते, तू जसं हवं तसं वाच.

आम्ही फिरायला आलेलो नाही. उद्या सोमवारी सकाळी दहा वाजता मी आईला इथल्या वृद्धाश्रमात ठेवणार आहे. फोन्तैन्यासच्या कड्यावर, नदीच्या वर, नन चालवतात. आपल्या बाजूच्या आश्रमात नाव नोंदवून दीड वर्ष झालं, जागा नाही. पाद्रीबाबांच्या ओळखीने इथे मिळाली. दोन दिवस आधी आले, कारण म्हटलं तिला एकदा शहर दाखवावं. हात धरून. काल चेस्टनटसुद्धा घेऊन दिले होते मी तिला, पायरीवर बसायच्या तासभर आधी. ते तुला लिहिलं नाही.

हो. तू जे म्हणाला होतास तेच. तू जत्रेच्या दिवशी म्हणालास, "ताई, आईला आता माणसं लागतील, तुझ्या एकटीच्याने होणार नाही," आणि मी तुझी बॅग अंगणात फेकली. म्हटलं, बर्फात बसून सल्ले देणारा तू कोण. म्हटलं, आई मेली तरी तुला कळवणार नाही. तुझ्या मुली रडत होत्या. त्यांना आपली भाषा कळत नाही, पण तेवढं त्यांना कळलं.

मग तीन वर्षं मी ते खरं करून दाखवायला निघाले, की माझ्या एकटीच्याने होतं. आमांदिओ गेला, मी विधवा झाले, त्यानंतर घरात दुसरं होतं तरी कोण. सकाळी आईला बाहेरून कडी घालून कामाला जायचे. एकदा ती खिडकीतून उतरली आणि रात्रीच्या कपड्यांत पिन्यांव स्टेशनवर सापडली. स्टेशनमास्तरने स्वतःचा कोट घालून आणली. शेजारची ओदेते म्हणाली, "झुल्मीरा, भावाला लिही." मी तिच्याशी बोलणं टाकलं. असे एकेक करत सगळे टाकले.

आता हे. ऑक्टोबरात तोडणी संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी. तीन आठवडे मी मळ्यावर चाळीस माणसांचा स्वयंपाक केला होता. आईला सूप भरवत होते. तिने तोंडात धरलं आणि माझ्या तोंडावर थुंकली. मी तिच्या कानाखाली मारली. नुसती चापट नाही, लिओनेल. हात उगारून मारली. वाटी फुटली.

ती उठली. खाली बसली, पदरासारखा एप्रन धरून फरशी पुसली, तुकडे गोळा केले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "माफ करा, बाईसाहेब. परत नाही होणार."

त्या दिवसापासून मी दोना एर्मेलिंदा आहे. शुक्रवारी तुला लिहिलं होतं की गंमत वाटते.

काल रात्री मला झोप लागली नाही, ते सोड. सकाळी ठरवलं की तिच्याशी खोटं बोलायचं नाही. तिला कळो न कळो. पाव आणायला जाते असं सांगून मी जाणार नाही.

आज प्रार्थनेनंतर तिला फोन्तैन्यासला घेऊन गेले. सार्वजनिक धुणीघर आहे तिथे, अजून दोघीतिघी कपडे घेऊन येतात. आई एका दगडापाशी उभी राहून एका बाईला साबण कसा लावायचा ते शिकवायला लागली. ती बाई म्हणाली, "अगं माझे आई, तू जन्मायच्या आधीपासून मी धुतेय!" आणि मग आईकडे नीट बघून स्वतःच लाजली. तिथून वर येऊन आम्ही झाडाखाली बाकावर बसलो. समोर नदी, पूल, पलीकडचा मठ. ऊन छान होतं.

मी म्हटलं, "आई, ऐक. ते पिवळं घर दिसतं ना? उद्यापासून तू तिथे राहणार आहेस. मी तुला तिथे ठेवून गावी जाणार आहे. मला तुझं करणं जमत नाही. मी तुला मारलं. मी शनिवारी भेटायला येईन, पण तुला घरी नेणार नाही."

एका दमात बोलले. मग रडले असते, पण तिने मला वेळच दिला नाही.

ती पिवळ्या घराकडे डोळे बारीक करून बघत होती. "जिने किती आहेत?" तिने विचारलं.

"लिफ्ट आहे."

"धुणं बाहेर देतात की घरात?"

"मला माहीत नाही, आई."

"हे विचारायला हवं होतं तुम्ही. आणि माणसं किती घरात?"

"तीसेक असतील."

"तीस!" तिने मान हलवली. "एकटीला तीस माणसं? नाही जमायचं. हाताखाली कोणीतरी लागेल." मग म्हणाली, "आणि रविवारी दुपारी सुट्टी. हे पहिल्यांदाच बोलून घ्यायचं. मागच्या घरी बोलले नाही, तर दहा वर्षं दिली नाही कोणी."

मी म्हटलं, "बोलून घेऊ."

"तुम्ही बोला. माझं ऐकत नाहीत."

आता ती झोपलीय. आज बूट काढून दिले.

झुल्मीरा


सोमवार, ११ नोव्हेंबर
परतीच्या गाडीत

झालं, लिओनेल. पावणेदोन वाजलेत, गाडीने पोर्तो सोडलं. अक्षर हलतंय ते गाडीमुळे.

सकाळी दोना कुस्तोदियाने बॅग पाहिली आणि ओळखलं. अशा बायका बऱ्याच येत असणार. आईच्या कोटाची बटणं तिने स्वतः लावली, आणि म्हणाली, "कोट चांगल्या कापडाचा आहे हो." आईने उत्तर दिलं, "मालकिणीने दिला." तो कोट तू पाठवला होतास. कॅनडातून, पहिल्या वर्षी.

चालतच गेलो. दहा मिनिटांची वाट, आईला अर्धा तास लागला. पायांनी नाही, मनाने. प्रत्येक दुकानापाशी थांबायची, बॅग या हातातून त्या हातात घ्यायची. मी बॅग मागितली तर दिली नाही. "माझी मीच नेते, नाहीतर त्यांना वाटेल मी आळशी आहे."

तिथल्या मुख्य बाई सिस्टर पिएदादे. साठीच्या, ठेंगण्या, चष्म्याला एका बाजूने चिकटपट्टी लावलेल्या. दारातच उभ्या होत्या. आई पायपुसण्यावर बूट घासत राहिली, किती वेळ. मग आत येऊन मान खाली घालून उभी राहिली. सिस्टर म्हणाल्या, "या फेलिस्मिनाबाई, बसा." आई बसली नाही. मला कोपराने ढोसलं.

"सांगा ना, बाईसाहेब."

"काय सांगू, आई?"

"मी कशी होते ते सांगा. काम कसं केलं ते. तुम्ही नाही सांगितलं तर मला ठेवतील का त्या?"

मला कळेना. सिस्टरना माझ्या आधी कळलं. त्यांनी टेबलावरचे कागद बाजूला सारले, हात जुळवून बसल्या आणि गंभीरपणे म्हणाल्या, "हो, आम्हाला माहिती लागते. सांगा, तुमच्याकडे किती वर्षं होत्या या?"

लिओनेल, मी माझ्या आईची शिफारस केली. उभ्याने, कोट घालून, दोना एर्मेलिंदा होऊन.

म्हटलं, एकसष्ट वर्षं. म्हटलं, कधी उन्हं वर येईपर्यंत झोपली नाही. कधी खोटं बोलली नाही. डोंगरावरच्या मळ्यात पाठीवर द्राक्षांच्या टोपल्या वाहिल्या आणि घरी येऊन पाव भाजला. हिच्या हातचा पाव आठवडाभर मऊ राहायचा. दोन मुलं वाढवली. धाकट्याला न्यूमोनिया झाला तेव्हा त्याला पाठीशी बांधून नदी ओलांडून डॉक्टरकडे नेलं. थोरली हट्टी होती, तिला कधी हात लावला नाही. एकदाही नाही.

आई कान देऊन ऐकत होती. मध्येच सिस्टरना म्हणाली, "मुलं नव्हती त्या घरात."

"होती, फेलिस्मिना," मी म्हटलं. "दोन होती."

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मालकिणीला उलटून बोलायचं नाही म्हणून मान डोलावली.

"आणि रविवारी दुपारी हिला सुट्टी हवीय," मी म्हटलं.

"मिळेल," सिस्टर म्हणाल्या. "हवी तर शनिवारीही."

"शनिवारी नको," आई म्हणाली. "शनिवारी पितळी भांड्यांना पॉलिश असतं."

तिला खोली दाखवली. खिडकीतून नदीचा तुकडा दिसतो. शेजारच्या पलंगावर ओतिलिया नावाची एक बाई आहे, दिवसभर जपमाळ ओढते. आईने पहिलं काय केलं, तर तिच्या उशीचा अभ्रा सरळ केला. मी दाराशी घुटमळत होते. आई वळून म्हणाली, "तुम्ही जा आता, बाईसाहेब. तुम्ही उभ्या राहिलात की मला कामं सुचत नाहीत."

मी गेले. गेटबाहेर येऊन त्याच बाकावर बसले. आज चेस्टनटचा सण, रस्तोरस्ती धूर, लोक कागदाच्या पुड्या घेऊन चाललेले. गाडीला वेळ होता. कुठेतरी फिरून यावं, बघावं काहीतरी, असं मनात आणलं. उठले, पुलाच्या मध्यापर्यंत गेले. तिथे कळलं की माझा उजवा हात मी अंगापासून लांब, जरा वाकडा धरलाय. कोणीतरी धरून चालावं तसा. तो खिशात घातला आणि स्टेशनवर आले.

घरी पोचेन तेव्हा दार बाहेरून बंद असेल, आणि आत कोणी नसेल. कडी कोणासाठी घातली होती मी शुक्रवारी? सवयीने.

झुल्मीरा


रविवार, १२ जानेवारी २०२५
घरून

लिओनेल,

आधीची चारही पत्रं टाकली नव्हती. स्वयंपाकघराच्या खणात होती. याच्याबरोबर सगळी एकदम पाठवतेय, तारखेने लावून वाच. पहिल्या दोन पत्रांत मी जे लपवलंय ते खोडून टाकावं असं वाटलं होतं, मग म्हटलं, असू दे. मी कशी आहे ते तुला लहानपणापासून माहीत आहे.

आणखी एक. तू तीन नाताळांना पाठवलेली तीन पाकिटं माझ्याकडे होती. उघडली नव्हती. शिव्या असतील असं वाटायचं, किंवा त्याहून वाईट, माफी असेल. या नाताळला घरात इतकी शांतता होती की फ्रिज सुरू झाला तरी दचकायचे. संध्याकाळी एकटीपुरता कॉड मासा उकडला, दोन बटाटे, आणि तुझी पाकिटं घेऊन बसले. पहिल्यातच तू लिहिलंयस: "ताई, मी आईसाठी बोललो नव्हतो. तुझे हात थरथरताना पाहिले म्हणून बोललो." हे वाक्य तीन वर्षं माझ्या कपाटात चादरींखाली पडून होतं. त्यावर मला काय वाटलं ते लिहायला जमणार नाही, तू विचारू नकोस.

आई बरी आहे. वजन वाढलंय. सकाळी जेवणघरात सगळ्यांचे नॅपकिन घड्या घालून ठेवते आणि कोणी वाकडी घडी घातली की ओरडते. हाताखाली दोघी मिळाल्यात, ओतिलिया आणि आणखी एक बहिरी बाई. सिस्टर म्हणतात, जेवते, झोपते. रात्री एक-दोनदा रडते, पण ते तिथे सगळेच.

मी दर शनिवारी जाते. सकाळची गाडी, संध्याकाळी परत. ऊन असेल तर आम्ही चालतो. लांब नाही आता, गेटपासून धुणीघरापर्यंत, कधी पुलाच्या तोंडापर्यंत. ती मला रस्ता दाखवते. मी दर वेळी विचारते, "हे काय आहे?" आणि ती दर वेळी नव्याने सांगते. अलीकडे मी दोना एर्मेलिंदासुद्धा राहिले नाही. "बाईसाहेब" म्हणत नाही ती आता. नुसतं "तुम्ही."

काल पाऊस होता, म्हणून आतच बसलो. बैठकीच्या खोलीत नवीन आलेल्या एक बाई होत्या, केस विंचरलेल्या, नेटक्या, अजून सगळं कळणाऱ्या. त्यांनी आईला विचारलं, "ही तुमची मुलगी का? किती नेमाने येते!"

आईने माझ्याकडे पाहिलं. नीट, प्रेमाने पाहिलं, लिओनेल. मला वाटलं आता म्हणते. मग तिने माझा हात आपल्या हातात घेतला, त्या बाईकडे झुकली आणि आवाज खाली आणून, मला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली,

"नाही हो. लांबून येते बिचारी. हिला घरी कोणी नाही. मी म्हटलं, ये शनिवारचं इथे बसायला."

आणि माझा हात थोपटत राहिली, गाडीची वेळ होईपर्यंत.

तुझी ताई,
झुल्मीरा